एजंटला टूल समजावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : राजारामपुरीतील आमची छोटी कंपनी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. मागील टॅगपासूनचे (टॅग म्हणजे कोडवर लावलेली आवृत्तीची खूण) सर्व कमिट (कोडमधील नोंदवलेले बदल) गोळा करून रिलीजचा अहवाल काढणारे टूल आम्ही लिहिले असून आता ते एआय एजंट, म्हणजे सांगितलेल्या कामासाठी स्वतः टूल वापरणारा एआय प्रोग्राम, चालवतो. गेल्या रिलीजनंतर एजंटने ‘किरकोळ सुधारणा आणि स्थैर्यात वाढ’ असा अहवाल कारखान्याला पाठवला. प्रत्यक्षात रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करण्याची पद्धतच बदललेली होती. ऐन गळीत हंगामात फार ओशाळवाणे झाले. टूलची माहिती दोन पानी आहे, लॉगसह सोबत पाठवत आहे. चूक कुठे झाली?

उत्तर : आपली दोन पाने वाचली. कोणता पर्याय दिल्यावर काय होते, हे त्यात नीट लिहिले आहे. मागचा टॅग सापडला नाही तर काय होते, हे मात्र कोठेही नाही. आपल्या बाबतीत नेमके तेच घडले. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवर बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम) चालवताना कोड आणणारी नेहमीची चेकआउट पायरी वेळ वाचावा म्हणून केवळ शेवटचा कमिट उतरवते. मागचा इतिहास आणि टॅग हवे असतील तर तसे वेगळे सांगावे लागते. आपल्या टूलला त्यामुळे टॅग दिसला नाही, त्याने रिकामी यादी दिली आणि शून्य हा एक्झिट कोड देऊन, म्हणजे ‘काम फत्ते’ असे सांगून, ते थांबले. हीच रिकामी यादी आपल्या एखाद्या सहकाऱ्याच्या समोर आली असती तर त्याने शेजारच्या टेबलाकडे मान वळवून ‘काय रे, टॅग टाकला नव्हता काय?’ असे विचारले असते. एजंटला शेजारचे टेबल नसते. त्याला अहवाल लिहायला सांगितलेले असते, हाती यश आलेले असते आणि मजकूर नसतो. अशा वेळी तो कोणत्याही रिलीजला शोभेल असे वाक्य लिहून मोकळा होतो.

आपल्या पानावरचे पहिले वाक्य ‘हे टूल रिलीजचा अहवाल तयार करते’ असे आहे. त्याजागी मी असे लिहीन : ‘हे टूल दोन टॅगमधील कमिटची यादी देते. ते अहवाल लिहीत नाही आणि कोणालाही काही पाठवत नाही. मागचा टॅग न मिळाल्यास ते २ हा कोड देऊन थांबते. अशा वेळी अहवाल लिहू नये, संपूर्ण इतिहास उतरवून टूल पुन्हा चालवावे. टॅग मिळाले पण त्यांच्यामध्ये एकही कमिट नसेल, तर कोड शून्य असतो आणि यादी रिकामी येते. तेव्हा “या रिलीजमध्ये बदल नाही” एवढेच लिहावे.’ न सापडणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या टूलमध्ये दोन्हींसाठी एकच उत्तर होते. म्हणून आधी टूल दुरुस्त करावे लागेल, मग पान. निव्वळ शब्द बदलून हे निभावणार नाही.

लॉगमध्ये आणखी दोन गोष्टी दिसल्या. आवृत्तींचा क्रम आपण अक्षरांप्रमाणे लावता, त्यामुळे १.१०.० ही १.९.० च्या आधी येते आणि ‘मागचा टॅग’ भलताच निवडला जातो. प्रत्येक भाग आकडा म्हणून ताडून पाहावा, आणि आरसी (रिलीज कँडिडेट) जोडलेली चाचणी आवृत्ती तिच्या अंतिम आवृत्तीच्या आधीची मानावी. दुसरे तारखेचे. आपण रात्री १ वाजून ४० मिनिटांनी रिलीज केले, तेव्हा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे आदल्या दिवसाचे रात्रीचे ८ वाजून १० मिनिटे झाले होते, आणि अहवालावर आदली तारीख पडली. काट्याची पावती कोणत्या आवृत्तीने छापली यावरून उद्या वाद झाला, तर हा एक दिवस महागात पडेल. वेळ कोणत्या प्रमाणवेळेतली आहे, हे पानावर स्पष्ट लिहावे.

प्रश्न : टूलचे वर्णन मराठीत लिहिले तर चालेल का? (शाहूपुरी)

उत्तर : चालते. पर्यायांची नावे कोडमध्ये आहेत तशीच ठेवावीत, त्यांचे भाषांतर करू नये. मात्र बहुतेक एआय मॉडेलमध्ये देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा अधिक टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचते ते) लागतात, त्यामुळे वर्णन आटोपशीर असावे. तेच पान आपल्या नव्या मुलांनाही वाचायचे असेल, तर मी मराठीच निवडेन.

प्रश्न : आमचे टूल आम्ही एमसीपी (एजंटला टूल जोडून देणारा प्रोटोकॉल) सर्व्हरवर ठेवले आहे. ‘केवळ वाचन’ अशी खूण केली की एजंट परस्पर काही पाठवणार नाही ना? (शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या या प्रोटोकॉलमध्ये टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा यांसोबत अशा खुणा देता येतात. परंतु त्या केवळ सूचना आहेत. दारावर ‘आत येऊ नये’ ही पाटी लावली म्हणून कडी लागत नाही. आपल्या टूलमध्ये यादी काढणे आणि ग्राहकाला ईमेल करणे ही दोन्ही कामे एकाच नावाखाली आहेत, आणि वर ती ‘केवळ वाचन’ ही खूण आहे. म्हणजे खूणच खोटी आहे. दोन टूल वेगळी करावीत. ईमेलच्या टूलला त्याचे स्वतंत्र परवान्याचे टोकन (किल्लीसारखा गुप्त कोड) द्यावे, ते एजंटकडे न देता मंजुरी देणाऱ्या माणसाकडे ठेवावे, आणि त्याच्या वर्णनात ‘हा ईमेल परत घेता येत नाही, तेच पुन्हा चालवल्यास दुसरा ईमेल जातो’ असे लिहावे. हे दुसरे वाक्य बहुतेक जण विसरतात, आणि नेटवर्क अडखळले की एजंट तेच काम निमूटपणे पुन्हा करतो.