आदिवासी इतिहासात करिअर करायचंय? आधी मोडी शिका

पालकांचा प्रश्न : आम्ही अकोले तालुक्यातले महादेव कोळी. मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला आपल्या समाजाच्या इतिहासावर काम करायचंय. त्यात पोट भरेल का, की डी.एड. बरं?

उत्तर : नोकऱ्या मोजक्या आहेत, हे आधीच सांगतो. संग्रहालयं, अभिलेखागारं म्हणजे जुन्या कागदांचे दफ्तरखाने, नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाल्यावर महाविद्यालय. बाकी बरंचसं काम प्रकल्पापुरतं, कंत्राटी. नुसत्या एम.ए.वर इथं निभावत नाही, जोडीला एखादं कसब लागतं. तुमच्या मुलीसाठी ते मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती.

तुमच्याच तालुक्यातल्या देवगावचे, इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्या काळची मराठी दफ्तरं मोडीत आहेत आणि इंग्रजी कागदांत अशा माणसांना सर्रास दरोडेखोर म्हटलंय. महादेव कोळ्यांवर १८३०च्या दशकात सविस्तर लिहिणारा कॅप्टन मॅकिन्टॉश हा त्यांचं बंड मोडायला नेमलेला अधिकारी होता. त्याचं लेखन वाचावंच, पण हे ध्यानात ठेवून. पुराभिलेख संचालनालय मोडीची प्रशिक्षण शिबिरं घेतं, बी.ए.च्या पहिल्याच सुट्टीत एक करून टाकावं. अक्षरं लवकर येतात, घसरट हस्ताक्षर वाचायला मात्र रोजचा सराव लागतो. तो सुटला की शिकलेलं विसरतं.

बी.ए. इतिहास जवळच्या महाविद्यालयातून चालेल. पुढे पुणे विद्यापीठात मानवशास्त्र, भाषेची ओढ असेल तर डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, वस्तूंची असेल तर बडोद्याला संग्रहालयशास्त्र. त्याआधी पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय दाखवून आणा.

आणि एक काम आत्ताच : घरातल्या म्हाताऱ्या बायकांची लग्नगीतं ध्वनिमुद्रित करणं. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर. रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (न दाबलेली फाइल), मोनो, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला जेमतेम अर्धा जीबी. सुरुवातीलाच गाणारीचं नाव, गाव, तारीख आणि तिची परवानगी तिच्याच आवाजात घ्यावी. कुणाला ऐकवायचं नाही, हेही तिलाच विचारावं. व्हॉट्सअ‍ॅपवरून ऑडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबली (कॉम्प्रेस) जाऊन आवाज खालावू शकतो, म्हणून मूळ फाइल दोन ठिकाणी जपावी. नाव-गाव नसलेलं ध्वनिमुद्रण पुढे कुणाच्याच उपयोगी पडत नाही. नीट नोंदलेली अशी वीस गाणी मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतात.

डी.एड.ची घाई नको, बी.ए.नंतर बी.एड.चा रस्ता उघडाच राहतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मात्र लांबवू नका. जुने शाळेचे दाखले नि महसुली नोंदी गोळा करण्यातच वेळ जातो.