फोकस चुकलेला की सोडलेला?

प्रश्न : ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या ब्रिटिश फोटोग्राफर बाईंनी १८६०च्या दशकात काढलेले फोटो पाहिले. बरेचसे धूसर, काहींवर ओघळ, बोटांचे ठसे. मी क्लासमध्ये असा फोटो दिला तर सर पुन्हा काढायला लावतील. मग या बाईंचं एवढं कौतुक का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, माझ्या स्टुडिओतल्या पोऱ्यानं असा फोटो काढला असता तर मीही त्याला फैलावर घेतलं असतं. चाळीस वर्षं पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढले. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे, हा आमचा धर्म.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५चा, कलकत्त्याचा. कॅमेरा हाती आला तो थेट अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाची भेट म्हणून. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर त्यांचं घर होतं. तिथलं कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून स्टुडिओ केला, कोळशाच्या खोलीची डार्करूम. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन डेव्हलप करायची. वाळली की खेळ खलास! ओघळ आणि ठसे या धांदलीतले. बाईंनी त्यातले पुष्कळ तसेच राहू दिले.

फोकसची गोष्ट निराळी. भिंग फिरवता फिरवता चेहरा जिथं सुंदर दिसेल तिथंच त्या थांबत, आणखी रेखीव करायला जात नसत. सुरुवातीला हे निव्वळ योगायोगानं साधलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आमच्या धंद्यात एवढं खरं कुणी बोलत नाही. एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, मिनिटांच्या हिशेबात असायचं. माणूस हलू नये म्हणून तेव्हाचे फोटोवाले डोक्यामागे लोखंडी टेकू लावत, आणि माणूस खुंटीला टांगल्यासारखा दिसे. बाईंच्या फोटोंत तो ताठरपणा नाही.

१८६७ साली त्यांनी काढलेला खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचा फोटो मोठा करून पाहा. अंधारातून नुसता चेहरा पुढे आलेला, पांढरे केस मोकाट. फोटोआधी बाईंनी त्यांना केस धुवायला लावले होते, असं सांगतात. माझी बोटं ज्या हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनात, आयुष्यभर भिजली, तो चांदीचे क्षार विरघळवतो हे याच म्हाताऱ्यानं १८१९ साली शोधलं होतं.

हा फोटो मी पोऱ्याला पुन्हा काढायला लावला नसता. तुमच्या सरांना दाखवा, काय म्हणतात ते कळवा.