पोलराइज्ड न्यूक्लियर टार्गेट, म्हणजे ज्यातल्या न्यूक्लियसचे स्पिन एकाच दिशेला वळवलेले असतात असं टार्गेट, बनवणं इतकं अवघड का? जोरदार मॅग्नेट लावून भागत नाही का?

नुसत्या मॅग्नेटने नाही भागत, आकडे बघितले की लगेच कळतं. २.५ टेस्ला फील्ड आणि १ केल्विन तापमान घ्या, इलेक्ट्रॉन ९३ टक्क्यांच्या आसपास पोलराइज होतात पण प्रोटॉन जेमतेम पाव टक्का, कारण प्रोटॉनचा मॅग्नेटिक मोमेंट साधारण ६६० पट लहान. म्हणून योग्य फ्रिक्वेन्सीचे मायक्रोवेव्ह सोडून इलेक्ट्रॉनचं पोलरायझेशन न्यूक्लियसकडे वळवायचं, यालाच डीएनपी (डायनॅमिक न्यूक्लियर पोलरायझेशन) म्हणतात, २.५ टेस्लाला ७० गिगाहर्ट्झच्या जवळपास लागतात.

मी लॅन्थॅनम-१३९ च्या टार्गेटवर काम करतो म्हणून त्याचंच सांगतो. ०.७३४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला त्याचा एक न्यूट्रॉन रेझोनन्स आहे, म्हणजे तेवढ्या ऊर्जेचे न्यूट्रॉन तो जोरात शोषतो, तिथे पॅरिटी (आरशातली डावी-उजवी सममिती) मोडल्याची असिमेट्री, म्हणजे न्यूट्रॉनचा स्पिन उलटा केल्यावर शोषणात पडणारा फरक, साडेनऊ टक्क्यांच्या घरात जाते, आणि दोन सुट्या न्यूक्लिऑनमध्ये (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) हीच गोष्ट एक कोटीत एक इतकी बारीक असते! टाइम रिव्हर्सल (काळ उलटा फिरवला तरी नियम तेच राहणं) मोडत असेल तर तेही इथे असंच फुगून दिसायला हवं, आणि दिसलं तर विश्वात मॅटरच का उरलं, अँटीमॅटर कुठे गेलं याचा धागा हाती लागेल. पॅरिटीसाठी साधं टार्गेट चालतं, पण टाइम रिव्हर्सलसाठी बीमची दिशा, न्यूट्रॉनचा स्पिन आणि न्यूक्लियसचा स्पिन हे तिन्ही एकमेकांना काटकोनात हवेत, म्हणून पोलराइज्ड टार्गेटशिवाय गत्यंतर नाही.

खरी डोकेदुखी क्रिस्टलमध्ये आहे. लॅन्थॅनम अ‍ॅल्युमिनेट घेतात आणि त्यात किंचित निओडिमियम मिसळतात, टक्क्याचा काही शतांश भागच, कारण डीएनपीला लागणारे इलेक्ट्रॉन त्याच्याकडून येतात. जास्त टाकलं तर तेच इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्ह बंद केल्यावर पोलरायझेशन घालवून टाकतात, कमी टाकलं तर ते वाढतच नाही नीट. वर न्यूट्रॉनचा स्पिन टार्गेटच्या आत फिरत राहतो, बाहेरच्या फील्डमुळे तर फिरतोच पण पोलराइज्ड न्यूक्लियसमुळे त्याला आणखी एक स्यूडोमॅग्नेटिक, म्हणजे मॅग्नेटिक फील्डसारखाच परिणाम करणारं, फील्डही जाणवतं, त्यामुळे बाहेरचं फील्ड लहान ठेवावंसं वाटतं आणि लहान फील्डमध्ये पोलरायझेशन लवकर उतरतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, कमाल पोलरायझेशन किती याआधी ते टिकतं किती वेळ हे विचारावं.

शिवाय ट्विनिंग. क्रिस्टल वाढवून थंड होताना साधारण ५४० अंश सेल्सियसला त्याची रचना क्युबिकमधून बदलते आणि वेगवेगळ्या भागांचे अक्ष वेगवेगळ्या दिशांना जातात. एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरमध्ये धरला की उजळ-काळे पट्टे सरळ डोळ्याला दिसतात. लॅन्थॅनमला क्वाड्रुपोल मोमेंट असल्याने (त्याचं न्यूक्लियस पूर्ण गोल नाही) अक्ष बदलला की त्याच्या एनएमआर लाइन्सही (रेडिओ लहरींनी न्यूक्लियसचे स्पिन मोजताना मिळणारे सिग्नल) सरकतात, म्हणजे तेवढा भाग वायाच. पट्टे नसलेला मोठा तुकडा मिळणं म्हणजे दिवाळीच.

एक गोष्ट मात्र मला या कामातली फार आवडते. मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी जराशी सरकवली की न्यूक्लियसचा स्पिन उलटा पोलराइज होतो, मॅग्नेटला हातही न लावता! एनएमआरचं शिखर आधी हळूहळू बसत जातं, मग खालच्या बाजूला वाढायला लागतं. अशा प्रयोगात खोटे सिग्नल पकडायचे तर हे सोनं आहे, कारण फील्ड तेच राहून फक्त स्पिन बदलतो.

तुम्ही एमएस्सीनंतर इकडे यायचा विचार करताय असं लिहिलंय, तर क्रायोजेनिक्स (अतिथंड तापमानाचं तंत्र) आणि एनएमआर हाताने करायला मिळेल असाच ग्रुप बघा, थिअरी नंतरही वाचता येते.