एकदा नेलं की येरवड्यालाच टाकतील का?

आधी वहिनी एकट्याच सल्ला विचारायला आल्या होत्या. धाकटा दीर, वय 23. तीन महिने रात्र-रात्र जागा, एकटाच पुटपुटतो, शेजारी पाळत ठेवतात म्हणून खिडकीला पोतं लावून बसतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासूबाईंना एकच धास्ती होती: सरकारी दवाखान्यात नेलं की पोराला येरवड्याला टाकतील, मग तो काही परत यायचा नाही.

ही धास्ती घरोघरी आहे आणि तिच्यापायी उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं ही पहिली पायरी नाहीच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी चालते. त्यांचं पथक ठरल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही येतं. तो वार आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावा. बहुतेकांचे उपचार घरी राहूनच होतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत.

या घरात खरं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. थोरल्या भावानं ‘सातबाऱ्याचं काम आहे’ म्हणून त्याला गाडीवर बसवलं. केसपेपरच्या रांगेत पाटी वाचून तो जो पळाला, तो घरातलं जेवणही घेईना. आधीच लोकांवर संशय असलेल्या माणसाला फसवून आणलं की त्याचा संशय खरा ठरतो. वहिनींना सुचवलं, ‘ताई, त्याला स्वतःला कशाचा त्रास होतोय ते धरा.’ त्याला झोप हवी होती. ‘झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू, मी सोबत बसते,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि आठ दिवसांनी तो आला. तोवर घरच्यांना रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक दिला होता.

वहिनींनी येताना भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं. दुधाच्या हिशेबाशेजारी, तो जागा राहिला त्या रात्रींवर फुल्या. एका चौकोनात ‘पाणी पीत नाही, विष म्हणतो’. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना हेच लागतं: कधीपासून, किती रात्री, जेवण, नशापाणी, आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. ‘डोकं फिरलंय’ एवढ्यावरून निदान होत नाही.

भरतीची वेळ आलीच, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 पाहावा. रुग्ण स्वतःहून भरती झाला तर स्वतः सांगून सुट्टी घेऊ शकतो. फार तर तपासणीसाठी 24 तास थांबवता येतं. तो नकार देत असेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी वेगवेगळं तपासून, पहिल्यांदा 30 दिवसांपर्यंतच भरती करता येतं. हा प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत रुग्णाच्या वतीनं बोलणारा माणूस, साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन रुग्णानंच नेमायचा असतो. बरं असताना हे करून ठेवावं. साखळीनं बांधणं आणि भूल न देता शॉक देणं, दोन्हींना बंदी आहे.

दीराला भरती करावं लागलं नाही, पण चौथ्या दिवशी सगळं फिसकटणार होतं. त्याची मान एका बाजूला वळली, डोळे वर ओढले गेले. सासूबाई म्हणाल्या, ‘गोळ्यांनी बाहेरचं चवताळलं.’ हा काही औषधांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलं की बहुधा थोड्याच वेळात उतरतो. मात्र गोळ्यांचं पाकीट सोबत न्यावं, नाहीतर डॉक्टरांना फिट वाटू शकते. पुढे गोळी बदलली.

दुसरा घात बरं वाटल्यावर होतो. आवाज थांबले, झोप लागली की गोळी परस्पर बंद केली जाते आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आजार उलटतो. गोळी गिळायचीच नसेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारावं. या घरात आता गोळ्या संपण्याच्या तीन दिवस आधीच्या तारखेला कॅलेंडरवर गोल असतो. पथकाचा वार चुकला तरी जिल्ह्याला जायला दोन दिवस हाताशी राहतात.