बायबलमधल्या संदेष्ट्यांची पुस्तकं वाचायला घेताय? इथून सुरुवात करा

यशयाचे 66 अध्याय सलग वाचायला बसू नका, दमछाक होते. आधी एवढंच वाचा:

- यिर्मया 31:31-34. देवाचा लोकांशी नवा करार, पापांची आठवणही न ठेवणारी क्षमा. लगेच इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राचा 8वा अध्याय उघडा. तिथे हाच उतारा ख्रिस्ताशी जोडलाय. दोन्ही शेजारी ठेवून सावकाश वाचा, खरा गाभा इथेच आहे.
- यहेज्केल 36:25-27. शुद्ध पाणी, नवं हृदय.
- यशया 53, दुःख सोसणारा सेवक. मग प्रेषितांची कृत्ये 8, तिथे हाच उतारा येशूशी जोडलाय.

नवखे लोक एखादंच वचन सुटं उचलतात. यहेज्केल बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांशी बोलत होता, हे विसरू नका. यशया 53 मधला सेवक म्हणजे इस्राएल, असं अनेक यहुदी वाचक मानतात. तेही आदराने समजून घ्या.

दानीएलच्या पुस्तकातले भविष्याबद्दलचे आकडे सध्या राहू द्या. अडलं तर बिनधास्त विचारा.