कोल्हापूरचं पुणं होऊ नये म्हणून आधी पैसे कशावर घालावेत: ई-बस, सायकल ट्रॅक की छोटी मेट्रो?

माझं उत्तर तुमच्या यादीत नाही. आधी फुटपाथ, आणि बसथांबा माणसाच्या दारापाशी. कारण सांगतो, जरा लांबेल.

पुण्यात बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या गेटला लागून बसथांबा होता. छप्पर नाही, बाकडं नाही, नुसता खांब आणि पाटी. आई दर गुरुवारी तिथून बस पकडून शनिपारापाशी भजनाला जायची. वय ७४, गुडघे गेलेले, पण बस दारात म्हणून जमायचं. येताना मंडईतून भाजी आणायची आणि मग आम्ही कोपऱ्यावर किती महाग घेतो हे रात्रीपर्यंत ऐकवायची.

पुढे सोसायटीत गाड्या वाढल्या. ३२ फ्लॅट, जागा १४ गाड्यांची, गाड्या २६. चेअरमनसाहेबांनी वार्षिक सभेत विषय मांडला की बस उभी असली की गाडी बाहेर काढायला खोळंबा होतो, सबब थांबा हलवावा. मी म्हटलं, बस एक मिनिट थांबते तेवढ्यात दहा-बारा माणसं चढतात-उतरतात, तुमच्या गाडीत तुम्ही एकटे असता. सभेत हशा पिकला. मग १९ विरुद्ध ४ मतांनी ठराव पास झाला. थांबा हलवण्याच्या त्या अर्जावर सही माझी आहे. सचिव होतो, करावी लागली.

चार-पाच महिन्यांत थांबा चौकाजवळ गेला. ३४० पावलं, मी मोजली आहेत. धडधाकट माणसाला हे काहीच नाही. पण त्या ३४० पावलांत आधी प्रत्येक गेटपाशी फुटपाथ कापून केलेला उतार, मग विजेचा डीपी बॉक्स, मग गॅरेजवाल्याने ओळीने लावलेल्या दुचाकी, मग खचलेले पेव्हर ब्लॉक, आणि शेवटी फुटपाथ एकदम असा उंच की गुडघेदुखीवाल्या माणसाने चढायचंच नाही. म्हणून आई खाली रस्त्यावरून चालायची, मागून हॉर्न. दोन गुरुवार गेली. तिसऱ्या गुरुवारी म्हणाली, "तू सोड मला."

आता हिशेब बघा. तिला सोडायचं, रिकामं परत यायचं, पुन्हा आणायला जायचं, घेऊन यायचं. चार खेपा, धरून चला सोळा किलोमीटर. आधी त्याच कामाला आमच्या घरातून एकही गाडी रस्त्यावर येत नव्हती. महिनाभराने पार्किंगमध्ये चेअरमनसाहेब भेटले. "काय सेक्रेटरी, बसवाले तुम्ही, आणि स्कूटर काढलीत?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. गेली सहा वर्षं सुचतंय.

उत्तर हे, की माणूस बसने जायचं की नाही ते बसमध्ये बसल्यावर ठरवत नाही, घराच्या पायरीवर ठरवतो. पुण्याने हे कधी मनावर घेतलं नाही. कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी २००६ ची, अहमदाबादच्या आधीची. बसला स्वतंत्र मार्गिका हा विचार उत्तमच होता. पण थांबे रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर पोचायला सुसाट गाड्यांमधून जीव मुठीत धरून पलीकडे जायचं. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी तर उखडूनच टाकली. कोंडीचं खापर बसच्या मार्गिकेवर फुटलं, एकेकटा माणूस घेऊन फिरणाऱ्या गाड्यांवर नाही.

ई-बस जरूर घ्या. पुण्यात २०१९ पासून धावतात, आवाज नाही, धूर नाही. पण कोंडीत अडकली की तीही डिझेलच्या बसइतकीच उशिरा पोचते, आणि थांब्यापर्यंत जाता येत नसेल तर रिकामीच धावते.

सायकल ट्रॅकबद्दल काय बोलावं. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलो आम्ही. आता आमच्याकडचा ट्रॅक सुरू होतो आणि चहाच्या टपरीत संपतो. तुमचं गाव मात्र अजून सायकलच्या मापाचं आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचं, पुणं ३१ लाखांचं. रंकाळ्यावरून रेल्वे स्टेशनला सायकलने जाता येतं, हे मी स्वतः करून पाहिलंय, मेहुण्याच्या सायकलवरून. एवढ्या गावाला मेट्रोची स्वप्नं दाखवणाऱ्याला मत देऊ नका.

फुटपाथवर खर्च केला की काय होतं ते बघायचं असेल तर संध्याकाळी आमच्या जंगली महाराज रस्त्यावर या. तिथले फुटपाथ रुंद केले, बाकडी टाकली. आता म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात. पण असे रस्ते बोटावर मोजण्याइतके. आणि रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घ्या, ताबडतोब घ्या. पुण्यात २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर झालं ते कागदावरच राहिलं. लोकांना एकदा फुकटची सवय लागली की ती जागा वडिलोपार्जित वाटायला लागते. तुमच्याकडे महाद्वार रोडची अवस्था पाहिली, उशीर करू नका.

आता थोडं माघारीचं. मेट्रोला माझा विरोध नाही. २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत आली तेव्हापासून मी शिवाजीनगरला तिनेच जातो, फक्त स्वारगेटपर्यंत स्कूटरने. केएमटीच्या, म्हणजे तुमच्या महापालिकेच्या, बस किती आणि कशा, ते तुम्हीच बघा. बसच नसेल तर दारातला थांबा काय चाटायचाय. आणि चेअरमनसाहेबांचं अगदीच खोटं नव्हतं. एकदा रुग्णवाहिका आत यायला खरंच अडकली होती. थांबा पंधरा फूट पुढे सरकवला असता तर भागलं असतं, असं मी त्याच सभेत म्हटलं होतं. इतिवृत्तात आहे, पान चार.