विचारा तर खरं!

प्रश्न : आयर्लंडच्या हर्लिंगमधला क्रिस्टी रिंग म्हणे पोटासाठी लॉरी चालवायचा. एवढा मोठा खेळाडू, मग पैसे कुठे गेले? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : अहो, पैसे नव्हतेच! हर्लिंग आजही हौशी खेळ. हातात लाकडी काठी, चेंडू बराच वेळ हवेत, वेग हॉकीला लाजवणारा. रिंग १९२० साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या क्लॉइन गावी जन्मला. तेलाची लॉरी चालवत कॉर्ककडून खेळला आणि ८ वेळा अखिल आयर्लंड विजेता ठरला. पहिल्यांदा १९४१ मध्ये, शेवटचं १९५४ मध्ये. १९७९ साली गेला. आमच्या तालमीतले वस्ताद दिवसभर मंडईत हमाली करून संध्याकाळी आखाड्यात उतरायचे, त्यामुळे मला तरी नवल वाटलं नाही. तुम्हाला वाटलं, म्हणजे तुम्ही आयपीएल फार बघता.